लंडनचा हिवाळा आणि परभणीचा वैशाख

ऋतूंप्रमाणे कामाची आखणी करा, असं सांगणारे लेख आणि व्हिडिओ हल्ली बरेच दिसतात. हिवाळ्यात मिटून घ्या, वसंतात नवं सुरू करा, उन्हाळ्यात झडझडून कामाला लागा, असा त्यांचा सूर. सल्ला खोटा नाही, पण तो तयार झाला तिथलं आकाश वेगळं आहे. लंडनमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान आठ तासांहूनही कमी. परभणीत हेच आकडे साधारण सव्वातेरा आणि अकरा. शिवाय परभणीत कुणी वैशाखाच्या भर दुपारी झडझडून कामाला लागायला सांगितलं, तर त्यालाच ऊन लागलंय का हे लोक आधी बघतील.

उजेडाला महत्त्व आहे ते मेंदूतल्या घड्याळामुळे. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका असतो. डोळ्याच्या पडद्यातल्या काही खास पेशी बाहेर किती उजेड आहे याची खबर त्याला देत राहतात. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्याने मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याची शरीराला खबर देणारं संप्रेरक, पाझरायला लागतं. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात उजेड इतका आटतो की काहींना दरवर्षी त्याच महिन्यांत नैराश्य येतं. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी या आजाराचं रीतसर वर्णन केलं. मराठवाड्यात वर्षभरात उजेडाचा फरक जेमतेम सव्वादोन तासांचा. इथला ऋतू डोळ्यांपेक्षा कातडीला आधी कळतो. तो उष्णतेचा आणि ओलीचा ऋतू आहे.

झोपेचंच घ्या. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. त्यासाठी रक्त हातापायांच्या त्वचेकडे वळतं आणि आतली उष्णता बाहेर टाकली जाते. पण बाहेरची हवाच तापलेली असेल तर ती टाकायची कुठे? जुन्या माळवदाच्या घरात जाड मातीच्या भिंती आणि छत ऊन हळूहळू आत घेत, आणि रात्री माणसं उघड्यावर, माळवदावर झोपत. आता दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली ऊब सोडत राहतो आणि पंखा तीच हवा फिरवतो. २०१६ च्या उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली असताना हार्वर्डच्या संशोधकांनी बोस्टनमधल्या तरुण, धडधाकट विद्यार्थ्यांची रोज सकाळी उठल्या उठल्या चाचणी घेतली. एसी नसलेल्या खोल्यांत राहणाऱ्यांना एका चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. बोस्टनचा उन्हाळा आपल्या मानाने सौम्यच म्हणायचा.

लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांमध्ये वर्षभर राबणाऱ्या मुलांची ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा मात्र बहुतेक वर्षी मेच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनला सुरू होते. यापेक्षा वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता. तारीख मुलांच्या हातात नसते, पण तयारीचा क्रम असतो. नवं आणि अवघड ते दिवाळी ते शिवरात्र या काळात उरकावं, एप्रिलमध्ये फक्त उजळणी ठेवावी, तीही पहाटे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून मीठ कमी जातं. म्हणूनच वर्षातल्या पहिल्या कडक उन्हाला सर्वांत जास्त जपायचं असतं. आणि नुसता पारा बघून चालत नाही. मेमध्ये कूलर गारेगार हवा देतो, तोच पहिल्या पावसानंतर निकामी ठरतो, कारण दमट हवेत पाणी उडत नाही. घामाचंही तेच. जूनच्या उकाड्यात ३६ अंशांनाही जीव नकोसा होतो तो यामुळे.

पावसाळ्याकडून शिकण्यासारखी गोष्ट सुरुवातीची आहे. मिरग निघाला म्हणून कुणी शहाणा शेतकरी लगेच तिफण धरत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आणि वाफसा आल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी बजावतो. घाई केली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट. पण वाट तरी किती बघायची? त्याचं उत्तर सोयाबीनच्याच अंगात आहे. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अॅलर्ड यांनी सोयाबीनचं एकच वाण वेगवेगळ्या तारखांना पेरून पाहिलं. लवकर पेरलेली आणि उशिरा पेरलेली झाडं जवळपास एकाच वेळी फुलली. रात्र पुरेशी लांबली की सोयाबीन फुलावर येतं, मग झाड गुडघ्याएवढं असो की कमरेएवढं. उशिरा पेरलेल्याला वाढायला दिवसच कमी मिळतात. म्हणून साधारण १५ जुलैची मर्यादा पाळतात. सुरुवात ओल ठरवते आणि शेवट आभाळ. आपले संकल्प मात्र बहुतेकदा उलटे असतात: सुरुवातीची तारीख पक्की, शेवट मोकळा.

मिरगाची तारीखही अढळ नाही. नक्षत्रांचं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे साधारण ७१-७२ वर्षांत नक्षत्रं ऋतूंच्या मानाने एक दिवस पुढे सरकतात. एका आयुष्यात हे कुणाला जाणवणार!

नव्या सुरुवातीचं मानसशास्त्रही तपासलं गेलंय. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलं की आठवडा, महिना किंवा सत्र नव्याने सुरू झालं की लोक व्यायामशाळेकडे जास्त वळतात. दिवस फक्त वेगळा वाटायला हवा, तो १ जानेवारीच असला पाहिजे असं नाही. आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला बदलतं, ते हंगाम संपलेला असतो म्हणून. पण अंगमेहनतीचा किंवा अभ्यासाचा संकल्प पाडव्याला धरला तर पुढे लगेच चैत्र-वैशाखाची भट्टी. माझ्या मते त्याला दसरा बरा. ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की थेट माघापर्यंत हवा साथ देते. लातूर-धाराशिवकडे येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, रानात आंबील-भज्जीची पंगत बसते तेव्हा ज्वारी काळ्या मातीतल्या साठवलेल्या ओलीवर उभी असते आणि माणसाचंही अंग कामाला तयार असतं. १ जानेवारी येते तोवर यातले निम्मे दिवस गेलेले असतात.

ही निवड सगळ्यांना नसते. गार, कोरड्या हवेत उसाची वाढ मंदावते आणि साखर कांड्यांत साठते, म्हणून गाळप हिवाळ्यात चालतं. बीडचे ऊसतोड मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडासह कारखान्यांकडे निघतात आणि उन्हं तापल्यावर परततात. वर्षातले सर्वांत चांगले महिने त्यांचे फडात जातात. सोबत गेलेल्या मुलांचं शाळेचं दुसरं सत्रही त्याच महिन्यांत येतं, आणि साखर उतरायची तर ते वेळापत्रक पुढे-मागे सरकवता येत नाही.