पांढरी सायकल (घोस्ट बाइक)

वाहनाच्या धडकेने सायकलस्वार जिथे मरण पावला, त्याच जागी टायरपासून सीटपर्यंत पांढरी रंगवलेली सायकल खांबाला बांधून ठेवण्याची प्रथा. इंग्रजी नावाचा अर्थ ‘भुताची सायकल’. आपल्याकडे अंत्ययात्रेचा रंग पांढराच, त्यामुळे ही खूण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. जिथे ती जन्मली तिथे मात्र शोकाचा रंग काळा. तिथला पांढरा भुताचा.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात २००३ च्या ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक व्हॅन डर टुइन यांनी सायकल मार्गिकेत एका सायकलस्वाराला मोटारीने ठोकरताना पाहिले. त्यांनी एक मोडकी सायकल पांढरी रंगवून तिथे ठेवली आणि ‘इथे सायकलस्वाराला धडक बसली’ अशा अर्थाची पाटी लावली. ती पाहून मोटारी हळू होतात हे लक्षात आल्यावर मित्रांच्या मदतीने आणखी सायकली शहरात लागल्या. म्हणजे मुळात ही खूण होती इशाऱ्याची. मृतांचे स्मारक ती पुढे झाली. २००५ मध्ये प्रथा न्यूयॉर्क आणि लंडनला पोहोचली.

यासाठी भंगारातली सायकल घेतात. चेन, ब्रेक, केबल असे कामाचे भाग काढतात, म्हणजे कोणी चोरायच्या फंदात पडत नाही. ग्रीस पुसून, जुना रंग घासून उरलेल्या सांगाड्यावर पांढऱ्या रंगाचे दोन-तीन हात देतात. तारा, पायडल, हँडलची मूठ, काही सुटत नाही. मग नाव, वय आणि तारखेची छोटी पाटी. पावसापाण्यात रंग पिवळा पडतो, रिमला गंज चढतो, टोपलीतली फुले वाळतात. ती बदलायला घरचे किंवा सायकलमित्र येत राहतात. पालिकांना हे नेहमी रुचते असे नाही. न्यूयॉर्कच्या सफाई खात्याने २०१० मध्ये बेवारस सायकली उचलण्याच्या नियमात यांनाही धरले होते. विरोध झाल्यावर त्या वगळल्या.

आपल्या गावांच्या वेशीवरचा वीरगळ मेलेल्याचा पराक्रम सांगतो. पांढरी सायकल पराक्रमाबद्दल बोलत नाही, नुसती जागा दाखवते. कामावर निघालेला कारकून आणि जगप्रवासाला निघालेला स्वार तिच्या लेखी सारखेच.

तिचीच बहीण शोभेल अशी प्रथा म्हणजे ‘राइड ऑफ सायलेन्स’. डॅलसमध्ये २००३ साली एका सायकलपटूला शाळेच्या बसचा आरसा लागून मृत्यू आला. क्रिस फेलन यांनी त्याच्यासाठी मूकफेरी काढली आणि ती दरवर्षीची झाली. मे महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी सात वाजता, ताशी १२ मैलांच्या आत, एकही शब्द न बोलता. दंडावरची काळी फीत मृतांसाठी, लाल फीत स्वतः धडक सोसलेल्यांसाठी.

लांब पल्ल्याच्या, केवळ स्वतःच्या बळावर केलेल्या मोहिमांत हा धोका वेगळ्या तऱ्हेने येतो: मरण परमुलखात, जिथे कोणी ओळखीचे नाही. मुंबईहून १९२३ मध्ये सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले आणि आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये मोहीम पुरी करून परतले, तेव्हा मोटारी तरी कमी होत्या. इयन हिबेल हा ब्रिटिश स्वार १९७१ ते १९७३ या काळात दक्षिण अमेरिकेच्या टोकावरच्या केप हॉर्नहून अलास्कापर्यंत गेला, वाटेत डॅरिएनचे दलदलीचे जंगल पार केले; २००८ मध्ये, वयाच्या ७४ व्या वर्षी, ग्रीसमधल्या महामार्गावर मोटारीच्या धडकेने गेला. जेसन लुइस स्वबळावर पृथ्वीप्रदक्षिणा करत होता. १९९५ मध्ये कोलोराडोत चाकांच्या बुटांवर असताना मोटारीने त्याचे दोन्ही पाय मोडले. प्रदक्षिणा त्याने पुरी केली, पण २००७ मध्ये.

सर्वांत जास्त हळहळ झाली माइक हॉलसाठी. बाहेरची मदत न घेता चालणाऱ्या शर्यतींचा हा राजा. युरोप ओलांडणारी ट्रान्सकॉन्टिनेंटल शर्यत त्यानेच २०१३ मध्ये सुरू केली. अशा शर्यतीत प्रेक्षक रस्त्यावर नसतात, घरी बसून नकाशावरचे ठिपके पाहतात. प्रत्येक ठिपका एक स्वार. २०१७ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल ते सिडनी या सुमारे ५,५०० किलोमीटरच्या शर्यतीत हॉल दुसरा होता. ३१ मार्चच्या पहाटे कॅनबेराजवळ मोनारो महामार्गावर मोटारीची धडक बसून तो गेला आणि त्याचा ठिपका तिथेच राहिला. शर्यत रद्द झाली. त्या रविवारी सिडनीत सायकलस्वार जमले आणि त्याची राहिलेली वाट ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांपर्यंत चालवली.

जुलै अखेर बेल्जियमच्या गेरार्ड्सबर्गनहून ट्रान्सकॉन्टिनेंटल त्याच्याविना सुटली. पहिल्याच रात्री आणखी एक स्वार वाहनाखाली गेला. निर्णय ज्या त्या स्वारावर सोडला: कुणाला थांबायचे असेल तर थांबावे, कुणाला पुढे जायचे असेल तर जावे. शर्यत मात्र चालू राहिली.