कागदपत्रांविना स्थलांतर आणि त्याविषयीचा सार्वजनिक वाद

वैध पासपोर्ट किंवा व्हिसा नसताना दुसऱ्या देशात प्रवेश करणे, अथवा रीतसर प्रवेश केल्यानंतर मुदत संपूनही तेथेच राहणे, याला कागदपत्रांविना किंवा अनधिकृत स्थलांतर म्हणतात. भारतातील सरकारी व्यवहारात ‘अवैध स्थलांतरित’ ही संज्ञा वापरली जाते, तर राजकीय भाषणांत ‘घुसखोर’ हा शब्द रूढ आहे. भांडवल, माल आणि माहिती यांच्या संचाराला जागतिकीकरणाने मोकळी वाट करून दिली, पण श्रम करणाऱ्या माणसाच्या संचारावरील बंधने बहुतेक ठिकाणी वाढतच गेली; या वादाचे मूळ त्या विसंगतीत आहे. बाहेरचे येऊ नयेत अशी मागणी करणारा समाज आणि आपली मुले परदेशी धाडणारा समाज हे पुष्कळदा एकच असतात. महाराष्ट्र, आणि त्यातही पुणे शहर, याचे ठळक उदाहरण असल्याने प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार पुण्याच्या अनुषंगाने केला आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील तेराव्या कलमाने प्रत्येक माणसाला स्वतःचा देश सोडण्याचा आणि तेथे परतण्याचा हक्क दिला. दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क मात्र कोणालाच दिला नाही. २०२४ च्या अंदाजानुसार सुमारे ३०.४ कोटी माणसे जन्मदेशाबाहेर राहतात. त्यांतील बहुसंख्य रीतसर गेलेली आहेत आणि वाद होतो तो उरलेल्यांवरून. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून सुमारे २७ लाख लोकांना वैध दर्जा दिला व त्याच कायद्याने अशा कामगारांना जाणूनबुजून कामावर ठेवणाऱ्या मालकांसाठी प्रथमच दंडाची तरतूद केली. दर्जा देण्याचे काम झाले, दंडाची अंमलबजावणी मात्र ढिलीच राहिली, आणि पुढच्या काही दशकांत विनाकागद राहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. ‘एकदा माफी दिली की आणखी लोक येतात’ हा विरोधकांचा मुद्दा तेव्हापासून जगभर मांडला जातो. तो पोकळ नाही. परंतु मालकांवरील कलम कागदावरच राहिले होते ही बाब तो मांडताना सहसा सांगितली जात नाही.

स्थानिकांच्या मजुरीवर होणाऱ्या परिणामाविषयी अर्थशास्त्रज्ञांतही एकमत नाही. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख लोक काही महिन्यांत मायामी शहरात उतरले. त्यामुळे तेथील कमी कुशल कामगारांच्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये काढला. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे तीच आकडेवारी वेगळ्या गटांत तपासली आणि शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या पुरुषांची मजुरी बरीच घसरल्याचे दाखवले. कोणत्या कामगाराची तुलना कोणाशी करायची यावरच उत्तर अवलंबून राहते, एवढे या वादातून निश्चित कळते. पुण्यात अशा प्रकारच्या प्रश्नावर ठाम विधाने करणाऱ्यांनी ही अडचण ध्यानात ठेवायला हवी.

भारतात हा विषय मुख्यतः बांगलादेशाशी जोडला गेला आहे. दोन्ही देशांमधील सीमा सुमारे ४,०९६ किलोमीटर लांबीची असून तिचा बराच भाग नद्या, भातशेती आणि दाट वस्ती यांतून जातो. आसाममध्ये १९७९ पासून सहा वर्षे आंदोलन चालले आणि १५ ऑगस्ट १९८५ रोजी आसाम करार झाला. त्यात २५ मार्च १९७१ रोजी किंवा त्यानंतर आलेल्यांना परत पाठवण्याचे ठरले. तेथील नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा १९,०६,६५७ अर्जदार तिच्याबाहेर राहिले. त्याच वर्षीच्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना नागरिकत्वाची वाट खुली केली. मुस्लिमांना त्यातून वगळल्यामुळे देशभर आंदोलने झाली. छळ झालेल्या अल्पसंख्याकांना आसरा देणे हे कर्तव्यच आहे, अशी समर्थकांची भूमिका होती.

अशा लोकांची खरी संख्या हा या वादाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. २००४ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी संसदेत सुमारे १ कोटी २० लाखांचा आकडा दिला आणि तो विश्वसनीय नसल्याचे सांगून नंतर मागे घेतला. २०१६ मध्ये सरकारने राज्यसभेत सुमारे दोन कोटी असे उत्तर दिले. याउलट २००१ च्या जनगणनेत यापूर्वीचे वास्तव्य बांगलादेशात होते असे सांगणाऱ्यांची संख्या तीस लाखांच्या आसपास होती, आणि त्यांतील अनेक जण फाळणीनंतर वा १९७१ च्या सुमारास आलेले होते. लपून राहणारा माणूस जनगणनेत खरे सांगणार नाही हे उघड आहे. परंतु तेवढ्याने वरचे दोन आकडे खरे ठरत नाहीत.

कायद्याच्या बाजूने पाहता, १९४६ चा विदेशी व्यक्ती अधिनियम आणि त्याच्याशी संबंधित आणखी तीन कायदे रद्द करून संसदेने २०२५ मध्ये आप्रवास व विदेशी व्यक्ती अधिनियम संमत केला. तो १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला. वैध कागदपत्रांशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, आणि बनावट कागदपत्रांसाठी दोन ते सात वर्षे कैद अशा शिक्षा त्यात आहेत. आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी संशयिताचीच राहते, हे जुन्या कायद्यातील तत्त्व नव्यातही कायम आहे. इतर बहुतेक गुन्ह्यांत आरोप सिद्ध करण्याचे ओझे सरकारवर असते. येथे ते माणसावर टाकलेले असल्यामुळे नागरिकत्व कशाने सिद्ध होते हा प्रश्न कळीचा ठरतो.

या प्रश्नाचे उत्तर सामान्य माणसाला वाटते तितके सोपे नाही. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्यातच म्हटले आहे. बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी विद्यार्थ्यालाही तो मिळू शकतो. केवळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र बाळगल्याने कोणी नागरिक होत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन अर्जावर निर्णय देताना स्पष्ट केले. कायद्यानुसार १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, थोडे अपवाद वगळता, जन्मानेच नागरिक ठरते. त्यानंतर जन्मलेल्याच्या आई-वडिलांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याच्या बाबतीत दुसरा पालक अवैध स्थलांतरित नसावा अशीही अट आहे. म्हणजे आज वीस वर्षांच्या मुलाला स्वतःच्या जन्मदाखल्यासोबत आई-बापांचेही कागद दाखवावे लागतात.

महाराष्ट्रात ही अट कोणाला जड जाते हे पाहायचे तर भटक्या-विमुक्तांच्या पालावर जावे. पारधी, कैकाडी, डोंबारी, मसणजोगी अशा जमातींत आजही अनेक घरांत आजोबांचा जन्म कोणत्या गावाच्या शिवारात झाला याची नोंद कोठेच नसते. शाळा सोडल्याचा दाखला नाही, सातबारा नाही, आणि घरच नसल्यामुळे घरपट्टीची पावतीही नाही. यांतील ज्या जमातींवर इंग्रजी राजवटीने जन्माने गुन्हेगार असा शिक्का मारला होता, तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला. कागदांचा दुष्काळ मात्र संपला नाही. उशिरा केलेल्या जन्मनोंदीचे अधिकार २०२३ च्या दुरुस्तीने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली अधिकाऱ्यांकडे आले. पुढे मालेगावात बांगलादेशींना असे दाखले दिले गेल्याचा आरोप झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. खोटे दाखले शोधणे आवश्यकच आहे. पण त्या धास्तीने तहसील कचेरीत उशिरा नोंदीचे अर्ज अडून राहिले, तर ज्यांची सारी पाळेमुळे याच मातीत आहेत तेच आधी भरडले जातात. ब्रिटनमध्ये २०१८ साली नेमके हेच उघडकीस आले होते. कॅरिबियन बेटांतून दशकांपूर्वी कायदेशीरपणे आलेल्या लोकांकडे कागद नव्हते, त्यांच्या आगमनाची कार्डे खुद्द गृहखात्यानेच नष्ट केली होती, आणि तरीही त्यांच्या नोकऱ्या गेल्या, उपचार नाकारले गेले, काहींना देशाबाहेर धाडण्यात आले.

पुण्याच्या वाढीला बाहेरच्या मजुरांनी हातभार लावला आहे. हिंजवडी, वाघोली, उंड्री, चाकण या भागांतील बांधकामांवर सेंटरिंग, प्लास्टर आणि बिगारी कामासाठी पश्चिम बंगाल, बिहार, झारखंड, ओडिशा येथील तरुण मुकादमामार्फत येतात आणि इमारतीच्या कडेला उभारलेल्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात. रविवार पेठेच्या परिसरातील सराफी कामात बंगाली कारागिरांची परंपरा त्याहून जुनी आहे. मुर्शिदाबाद किंवा मालद्याच्या मजुराची बोली आणि पद्मेपलीकडच्या राजशाहीची बोली पुण्यातील माणसाच्या कानाला सारखीच वाटते. त्यामुळे भाषा व धर्म यांवरून संशय घेतला जातो आणि मजूर खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधारची घडी पडलेली झेरॉक्स काढतो. पण वर सांगितल्याप्रमाणे तिने काहीच सिद्ध होत नाही. मग गावच्या पंचायतीला फोन जातो, तिकडच्या पोलिसांकडून पडताळणी मागवली जाते, आणि उत्तर येईपर्यंतची मजुरी बुडते. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात ताब्यात घेतलेल्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीय असल्याचे तेथील राज्य सरकारने कळवल्यानंतर परत आणावे लागले.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पुण्याच्या चंदननगर भागात मध्यरात्रीच्या सुमारास एक जमाव घरात शिरला आणि आपल्याकडे नागरिकत्वाचे पुरावे मागितले, अशी तक्रार माजी सैनिकाच्या कुटुंबाने केली. संशयित बांगलादेशींविषयी माहिती मिळाल्यावरून आपण पडताळणीसाठी गेलो होतो, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये धनकवडी परिसरात एका राजकीय पक्षाच्या कार्यकर्त्यांनी बांगलादेशी समजून पकडून दिलेली माणसे भारतीय निघाली होती. परदेशी कोण हे ठरवणे हे सरकारचे आणि न्यायालयाचे काम आहे. ते जमावाने हाती घेतले की पडताळणीच्या नावाखाली धाक सुरू होतो, आणि खरोखर अनधिकृत राहणारा माणूस तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

शहरातील परदेशी व्यक्तींचा दुसरा गट विद्यार्थ्यांचा. इराण, येमेन, इराक, अफगाणिस्तान, सुदान आणि आफ्रिकेतील अन्य देशांतील विद्यार्थी अनेक वर्षांपासून पुण्यात शिकतात. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या सिंबायोसिस संस्थेची सुरुवातच परदेशी विद्यार्थ्यांची आस्था बाळगून झाली. पोलीस आयुक्तालयातील परदेशी नागरिक नोंदणी विभागाकडे त्यांची नोंद होते, आणि त्यांना घर किंवा खोली देणाऱ्याने त्यांची माहिती चोवीस तासांत विहित अर्जात कळवावी लागते. मायदेशी युद्ध पेटले की पासपोर्टचे नूतनीकरण अडते आणि कालपर्यंत वैध असलेला विद्यार्थी अवैध ठरतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचा पाडाव झाला. तेव्हा भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे भारताने दिलेले जुने व्हिसा रद्द करण्यात आले आणि सुटीत घरी गेलेल्या विद्यार्थ्यांची परतीची वाट बंद झाली. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. त्यामुळे अशा माणसाचा दर्जा केंद्र सरकारच्या वेळोवेळीच्या आदेशांवर ठरतो. नागरिक नसलेल्यांनाही जीविताचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचल प्रदेशातील चकमा जमातीच्या निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सांगितले आहे.

बुधवार पेठ या पुण्यातील वेश्यावस्तीतील पोलीस कारवायांत सुटका होणाऱ्या बांगलादेशी स्त्रियांचा प्रश्न याहून वेगळा आहे. नोकरीच्या आमिषाने आणलेल्या या मुलींजवळ पासपोर्ट नसतो, म्हणून त्या एकाच वेळी गुन्ह्याच्या बळीही असतात आणि कायद्याच्या नजरेत परदेशी व्यक्तीही. तपासात त्या तस्करीच्या बळी ठरल्यास त्यांच्यावर परदेशी व्यक्तींच्या कायद्याखाली कारवाई करू नये, अशी सूचना केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना दिली. परंतु राष्ट्रीयत्वाची खातरजमा होऊन बांगलादेशाकडून प्रवास परवाना येईपर्यंत त्यांना सुधारगृहातच दिवस काढावे लागतात. ‘घुसखोर हाकला’ या घोषणेत ही स्त्री कोठे बसते, याचा विचार फार थोड्या व्यासपीठांवर होतो.

हाच वाद उलट्या दिशेनेही पाहता येतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. प्रवासात त्यांच्या हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या होत्या. त्यांत महाराष्ट्रातील तिघे होते. संसदेत आणि वृत्तपत्रांत त्या बेड्यांविषयी जो संताप व्यक्त झाला तो योग्यच होता. ज्या माणसांसाठी तो व्यक्त झाला ती अमेरिकेच्या कायद्यानुसार अवैध स्थलांतरितच होती. त्यामुळे येथे पकडलेल्या परदेशी मजुराला त्याहून वाईट वागणूक देण्याचे समर्थन करता येत नाही. आखाती देशांत गेलेल्या कोकणातील आणि मराठवाड्यातील कामगारांचा अनुभवही याच जातीचा आहे. तेथील कफाला पद्धतीत कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला असतो. पगार थकला म्हणून काम सोडले की तो एका रात्रीत विनाकागद होतो. मालकाची चूक आणि कामगाराची शिक्षा हे सूत्र पुण्याच्या बांधकामावरही दिसते. कारवाईच्या बातमीत पकडलेल्या मजुरांची संख्या असते. त्यांना आणणारा मुकादम, कामावर ठेवणारा ठेकेदार आणि खोली देणारा घरमालक यांच्यावर पुढे काय झाले हे क्वचितच छापून येते.

परत पाठवणे आणि दुर्लक्ष करणे यांच्यामधले मार्ग जगात आहेत. संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात मुदत उलटलेल्यांना दंड न भरता मायदेशी जाण्याची किंवा नवा परवाना घेण्याची मुभा दिली. अमेरिकेने लहानपणी आणल्या गेलेल्यांना २०१२ पासून नूतनीकरण करता येणारे तात्पुरते संरक्षण दिले, आणि ते न्यायालयीन लढायांतून अजून वाट काढत आहे. भारतात दीर्घ मुदतीचा व्हिसा शेजारी देशांतील ठरावीक गटांनाच मिळतो. कामासाठी सीमा ओलांडून आलेल्या बांगलादेशी मजुराला पुढे येऊन स्वतःची नोंद करता येईल, अशी कोणतीही तात्पुरत्या कामाच्या परवान्याची व्यवस्था येथे नाही.