घडीच्या हातकागदाची उठावचित्रे : निवडताना आणि घरी लावताना

फोंडा तालुक्यातील आमच्या स्टुडिओत तयार होणाऱ्या उठावचित्रांत रंग जवळजवळ नसतो. हातकागदाला घड्या घालून त्याचा पृष्ठभाग उठवला जातो आणि पाहणाऱ्याला जे चित्र दिसते ते त्या घड्यांच्या सावल्यांचे असते. म्हणूनच चित्र कोणत्या भिंतीवर लागणार आणि तिथे उजेड कोठून येतो, हे आम्ही ग्राहकांना आधी विचारतो. उजेड बाजूच्या खिडकीतून येत असेल, तर दोन सेंटिमीटरांचा उठावही ठसठशीत दिसतो. समोरच ट्यूबलाइट असेल, तर तेच चित्र कोऱ्या कागदासारखे सपाट भासते.

कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा असतो. साचा लगद्यातून उचलताना दोन्ही दिशांना हलवला जात असल्यामुळे तंतू सगळीकडे विखुरतात. यंत्रावरच्या कागदात ते बहुतांशी एकाच दिशेने पडतात, त्यामुळे असा जाड कागद तंतूंना आडवा दुमडला की घडीवर तडकतो. हातकागद कोणत्याही दिशेने दुमडला तरी साधारण सारखाच वागतो. आम्ही दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचा कागद वापरतो. त्यावर बोथट टोकाने रेघा दाबून, कागद किंचित ओलसर करून एकाआड एक वर आणि खाली अशा घड्या घातल्या जातात व वाळेपर्यंत त्या चिमट्यांनी धरून ठेवल्या जातात. घरी आकाशकंदील करणाऱ्यांना माहीतच आहे की सुरुवातीची एक घडी थोडी सरकली, तर शेवटची पाकळी बसत नाही.

किमतीविषयी विचारणा होते, म्हणून एक हिशेब देतो. घडीची प्रत्येक पट्टी ४५ अंशांत उभी राहिली, की १०० सेंटिमीटर कागदाची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटरच उरते, म्हणजे चित्र दिसते त्यापेक्षा त्याला कागद बराच जास्त लागतो.

गोव्यात या चित्रांचा खरा शत्रू पावसाळा आहे. कागद हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि घड्या सैल पडतात. एका ग्राहकाच्या घरी चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर आम्हीच लावलेल्या चित्राला चतुर्थीपर्यंत मागून बुरशीचे ठिपके आले. चूक आमची होती. चौकट थेट भिंतीला टेकली होती. आता प्रत्येक चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवतो आणि काच कागदाला टेकणार नाही इतकी खोल पेटी करतो. पिठाच्या खळीवर कसर येते, म्हणून चिकटवण्यासाठी मेथिल सेल्युलोज हा सेल्युलोजपासून केलेला गोंद वापरतो.

चित्र शक्यतो आतल्या भिंतीवर, थेट ऊन लागणार नाही असे लावावे. काच पुसण्याचे द्रावण काचेवर न फवारता कापडावर घ्यावे, म्हणजे ते कडेने आत झिरपत नाही. ज्यांची घरे पावसाळाभर बंद असतात, त्यांनी जूनपूर्वी चित्र उतरवून, सुती कापडात गुंडाळून, काच वर ठेवून कोरड्या कपाटात आडवे ठेवावे. प्लास्टिकमध्ये बांधू नये, कारण आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. घड्या सैल झाल्याच, तर चौकट घरी न उघडता चित्र आमच्याकडे आणावे. पाऊस ओसरून हवा कोरडी झाल्यावर, साधारण दिवाळीनंतर, त्या पुन्हा बसवून देता येतात.