इन्स्पिसेशन (आटवण)

इन्स्पिसेशन : द्रवातले पाणी काढून टाकून तो दाट करण्याची क्रिया, आणि त्या क्रियेने द्रवाला आलेली दाट अवस्था, अशा दोन्ही अर्थांनी वापरला जाणारा इंग्रजीतील एक दुर्मिळ शब्द. ‘इन्स्पिसेट’ हे त्याचे क्रियापद आणि ‘इन्स्पिसेटेड’ हे विशेषण. बोलण्यात तो जवळजवळ येतच नाही. वैद्यकाची पुस्तके, जुन्या औषधसंहिता आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळा एवढ्याच ठिकाणी तो टिकून आहे. मराठीत याला सर्वांत जवळचा शब्द ‘आटवणे’ हा आहे. ‘दाट करणे’ असे त्याचे भाषांतर सर्रास केले जाते, पण ते ढोबळ आहे. ते ढोबळ का, हे खानदेशातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात चटकन कळते, म्हणून या नोंदीतली बरीचशी उदाहरणे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतली आहेत.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘स्पिसुस’ म्हणजे दाट, घट्ट. त्याच धातूपासून दाट या अर्थाचे फ्रेंच ‘एपे’, इटालियन ‘स्पेसो’ आणि स्पॅनिश ‘एस्पेसो’ हे शब्द निघाले. ते आजही बाजारात, घरात रोज बोलले जातात. इंग्रजीने मात्र रोजच्या वापरासाठी आपला जर्मानिक शब्द ठेवला आणि लॅटिन शब्द १७व्या शतकात वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ यांच्या हवाली केला. म्हणून एकाच मुळाचा शब्द पॅरिसमध्ये भाजीवाल्याच्या तोंडी आहे आणि लंडनमध्ये पोथीत.

मराठीत दाट होण्यासाठी एक शब्द नाही, क्रियापदांची रांग आहे. दूध आटते, रस्सा आळतो, तूप थिजते, रक्त साकळते, दही विरजते, पाणी गोठते, कफ दाटतो. प्रत्येक शब्द दाट होण्याचे वेगळे कारण सांगतो. आटण्यात पाणी निघून जाते आणि जिन्नस कमी होतो. आळण्यात पाणी आतच राहते, पण पीठ किंवा डाळ ते धरून ठेवते, आणि जिन्नस तेवढाच राहतो. थिजण्यात ना पाणी जाते ना पीठ लागते, फक्त उष्णता उतरते. इन्स्पिसेशन म्हणजे यांपैकी पहिले, आटणे. पातेल्याच्या कडेवर आधीच्या पातळीची रेघ वर राहिली आणि पदार्थ खाली गेला, तर ते आटणे. रेघ आणि पदार्थ एकाच उंचीवर असतील, तर ते आळणे.

खानदेशी जेवणात आळण्याची उदाहरणे ढीगभर सापडतात. शेवभाजीचा रस्सा मुळात पातळ आणि तर्रीदार. त्यात तिखट जाड शेव पडली की बेसन पाणी ओढून घेते आणि पाच-सात मिनिटांत वाटीतली भाजी आळते. म्हणूनच जाणती माणसे शेव पानात वाढताना घालतात, आधी नाही. पाटोड्यांचे बेसन फोडणीच्या पाण्यात घोटून गोळा होईपर्यंत शिजवतात, ताटाला थापतात आणि वड्या पाडतात. बेसनातला किंवा धान्यातला स्टार्च साधारण ६० ते ७५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो, हे त्यामागचे कारण. बाहेर फारसे काही जात नाही. तेव्हा कढी, पिठले, पाटोड्या यांना इन्स्पिसेशन म्हणणे चूक. इंग्रजी पाककृतींत सुद्धा पिठाने दाट केलेल्या सॉसला हा शब्द लावत नाहीत.

बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा घाटा आटणे आणि आळणे यांच्या सीमेवरचा आहे. ज्वारी भिजवून, भरडून, तिचा रवा उकळत्या पाण्यात तीळ, लसूण, जिरे, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात. लांब लाकडी दांड्याने तो घोटणे हे दोन माणसांचे काम असते. हा घाटा बहुतांशी आळतो आणि थोडासा आटतो. गरम घाटा वाटीत घेऊन वर कच्चे शेंगदाणा तेल घालून खाण्यासाठी मुले चुलीजवळून हलत नाहीत, आणि खरे सांगायचे तर मोठीही हलत नाहीत. मग तो ओल्या कापडावर थापून एप्रिल-मेच्या उन्हात टाकला की पाणी निघून जाते. पण तिथे शेवटी हाती येते ते कडकडीत बिबडे. इन्स्पिसेशनची हद्द त्याआधीच संपते. पदार्थ वाहता राहिला नाही तरी चालेल, तो मऊ, चिकट किंवा निदान दाबला तर दबणारा असावा. त्यापुढे गेले की ते वाळवणे.

शुद्ध आटवणीचे उदाहरण दुधाचे. म्हशीच्या दुधात सुमारे ८३ टक्के आणि गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. उरलेले स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार. पाणी वाफ होऊन गेले की हे सारे जवळ येते. निम्म्याच्या आसपास आटवले की बासुंदी, कडेची साय पुन्हा पुन्हा दुधात मोडत नेली की रबडी, आणि कढईची कड सुटेपर्यंत नेले की खवा, म्हणजेच मावा. म्हशीच्या एक लिटर दुधाचा साधारण २०० ग्रॅम खवा पडतो. गाईच्या दुधाचा त्याहून कमी, पिवळसर आणि जरा चिकट. बाजारात खव्याचे पिंडी, धाप आणि दाणेदार असे तीन प्रकार धरतात. पेढ्याला पिंडी, गुलाबजामला धाप, कलाकंदाला दाणेदार.

खवा करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते आणि नवशिक्याला ती भोवते. पहिला तासभर काही होत नाही असे वाटते आणि शेवटच्या पाच मिनिटांत सगळे होऊन जाते. त्याचा हिशेब साधा आहे. एक किलो म्हशीच्या दुधात १७० ग्रॅम घन भाग आहे असे धरू. सुरुवातीला १०० ग्रॅम पाणी उडाले तर घन भागाचे प्रमाण १७ टक्क्यांवरून जेमतेम १९ टक्क्यांवर जाते. दूध ४०० ग्रॅम उरले असताना तेच १०० ग्रॅम पाणी उडाले, तर प्रमाण साडेबेचाळीस टक्क्यांवरून सुमारे ५७ टक्क्यांवर उडी घेते. आच तीच, वाफ तेवढीच, पण परिणाम सातपट. शिवाय दाट द्रवात उष्णता खालून वर सहज फिरत नाही, त्यामुळे बूड करपते. उलथणे थांबवायचे नाही ते शेवटी, आधी नाही. सुरुवातीला दूध ढवळत बसणारा आणि नेमका शेवटी फोन घ्यायला उठणारा माणूस प्रत्येक घरात एक तरी असतो.

खव्यात मैदा किंवा स्टार्च मिसळतात तेव्हा आटवणीच्या जागी आळवण खपवली जाते. थोडा खवा पाण्यात उकळून, गार करून त्यात आयोडीनच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले आणि रंग निळा झाला, तर स्टार्च आहे. आटणे आणि आळणे यांतला भेद सांगणारी याहून स्वच्छ कसोटी नाही. बुऱ्हाणपूरच्या प्रसिद्ध मावा जिलेबीत माव्याबरोबर पीठही असते, पण ते उघडपणे, पदार्थाचा भाग म्हणून. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ती राजधानी होती, तेव्हा तिची जिलेबी या नोंदीत आणायला हरकत नसावी.

उसाच्या रसाचे आटणे तापमानावर मोजता येते, कारण साखरेचे प्रमाण वाढेल तसा उत्कलनबिंदू चढतो. काहिलीतला रस १०५–१०६ अंशांला उतरवला तर काकवी, ११६–११८ अंशांला उतरवला तर ढेप धरणारा गूळ. गुळव्याला थर्मामीटर लागत नाही. तो पाण्यात थेंब टाकून गोळी बोटांत धरून पाहतो. साखर कारखान्यात तेच काम पाठोपाठच्या बंद भांड्यांत, हवेचा दाब उतरवत नेऊन केले जाते. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. ही युक्ती नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकन अभियंत्याने १८४०च्या दशकात बसवली. खानदेशात फैजपूरचा ‘मधुकर’ आणि शहाद्याजवळचा ‘सातपुडा तापी’ या कारखान्यांची नावे घरोघर माहीत आहेत, पण रसाचा पाक होतो तो या गोऱ्या साखरसम्राटांच्या काळातल्या भांड्यांच्या साखळीत, आणि रिल्यूची आई स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेली, कृष्णवर्णीय स्त्री होती, हे फारसे कोणाला माहीत नसते. जळगावात जैन उद्योगसमूहाच्या प्रकल्पांत आंब्याचा गरही असाच कमी दाबाखाली आटवतात. आच कमी ठेवली नाही तर आंब्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. घरी आमरस चुलीवर आटवणाऱ्यांना हा अनुभव आहेच.

औषधांच्या परंपरेत या शब्दाला मोठे स्थान होते. जुन्या ब्रिटिश औषधसंहितांत अफूची व्याख्याच मुळी खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर निघणारा आणि आपोआप आटलेला चीक अशी केली जात असे. चूल नाही, कढई नाही, केवळ वारा आणि ऊन. कोरफडीचा रस आटवला की काळा बोळ होतो. सातपुड्याच्या कोरड्या जंगलात वाढणाऱ्या खैराच्या आतल्या लालसर लाकडाच्या चिपा उकळून, तो काढा आटवून कात काढतात. आयुर्वेदात काढा पुन्हा आटवून दाट करण्याला ‘रसक्रिया’ असे नाव आहे. दारुहळदीचे रसांजन त्यातलेच. इंग्रजी शब्दाला संस्कृत जोड हवीच असेल तर रसक्रिया हीच ती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

शास्त्रीय मराठीत काही जण ‘सांद्रीभवन’ लिहितात. तो शब्द टाळावा. महाराष्ट्रातल्या शाळेच्या भूगोलात सांद्रीभवन म्हणजे वाफेचे पाणी होणे. इथे तर पाण्याची वाफ होते, म्हणजे अगदी उलट. नववीतल्या मुलाने दोन्ही पुस्तके एकदम उघडली तर त्याची पंचाईत होईल. ‘सांद्रीकरण’ चालेल, आणि विशेषण म्हणून ‘आटीव’ सर्वांत सुटसुटीत. ‘आटीव दूध’ हा प्रयोग मराठीत जुनाच आहे.

वैद्यकात इन्स्पिसेटेड हे विशेषण शरीरातल्या स्रावांना लागते. नवजात बाळाच्या पित्तनलिकांत घट्ट झालेले पित्त अडकून कावीळ रेंगाळते, त्या अवस्थेच्या इंग्रजी नावात हा शब्द आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकारात पेशींतून क्षार आणि पाणी नीट बाहेर येत नाही, म्हणून फुप्फुसातला कफ चिकट होतो आणि काही बाळांची पहिली शी सुद्धा आतड्यात घट्ट बसते. जुन्या सायनसमधला पू, कानातला साठलेला मळ यांनाही तो वापरतात. या सगळ्यांत पाणी कमी पडले आहे हे समान सूत्र, म्हणून शब्द चपखल बसतो.

प्रयोगशाळेत मात्र तो घसरला आहे. जळगाव-धुळ्याच्या वैद्यकीय विद्यार्थ्याला हा शब्द बहुधा पहिल्यांदा ‘इन्स्पिसेटर’ नावाच्या पेटीवर भेटतो. क्षयाचे जंतू वाढवण्यासाठी लागणारे लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम अंड्याचे असते. ते बाटल्यांत ओतून, बाटल्या तिरक्या ठेवून ८० ते ८५ अंशांवर पाऊण तासाच्या आसपास तापवले की उतरता, गुळगुळीत, हिरवट पृष्ठभाग तयार होतो. हिरवा रंग मॅलॅकाइट ग्रीनचा. रॉबर्ट कॉखने १८८२मध्ये क्षयाचा जंतू दाखवला तेव्हा त्यानेही उष्णतेने गोठवलेल्या रक्तद्रवावर तो वाढवला होता. पण या पेटीत आटत काहीच नाही. अंडे गोठते, ऑम्लेटसारखे. उलट ओलावा उडू नये म्हणून बाटल्यांची झाकणे बंद ठेवतात, कारण जंतू वाढायला आठ आठवडेही लागू शकतात आणि तोवर माध्यम सुकता कामा नये. मराठीत या यंत्राला नाव द्यायचे झाले तर गोठवणी म्हणावे लागेल, आटवणी नव्हे.

लाक्षणिक अर्थाने हा शब्द इंग्रजीत अमर केला तो इंग्रज कोशकार आणि समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने. १७६९च्या ऑक्टोबरात शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकातल्या रात्रीच्या वर्णनावर बोलताना, भुंगा आणि वटवाघूळ यांच्यामुळे निव्वळ अंधाराच्या कल्पनेला बाधा येते असे सांगून त्याने त्या अंधाराला ‘इन्स्पिसेटेड ग्लूम’ म्हटले. त्याचा चरित्रकार बॉझवेल याने ते टिपून ठेवले. पुढे इंग्रजी लेखकांनी तो जोडशब्द थट्टेने आणि गंभीरपणे इतका उचलला की आज सामान्य वाचकाला हा शब्द माहीत असेल तर तो अंधारामुळेच.

मराठीत मात्र अंधार आटत नाही, दाटतो. कंठ दाटतो, ढग दाटतात, गर्दी दाटते. आटणे हे नेहमी उणे होण्याकडे झुकते : माया आटते, गाईचे दूध आटते, मुलांसाठी आई रक्त आटवते. मार्च संपत आला की खानदेशातली माणसे ‘इहीर आटी गई’ म्हणतात, तेव्हा विहिरीत दाट असे काही उरलेले नसते, असला तर तळाशी हातभर गाळ. एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, जे उरले ते आणि जे गेले ते. इंग्रजी शब्द उरलेल्याकडे पाहतो, मराठी क्रियापद गेलेल्याकडे. म्हणून जॉन्सनचे वाक्य मराठीत आणताना ‘दाटलेला अंधार’ असे लिहावे, आणि खव्याची पाककृती इंग्रजीत नेताना हा शब्द बिनदिक्कत वापरावा.