लहान शेतकऱ्यांकडून थेट कोको खरेदी : कोणती नोंदणी, कोणाची पात्रता, कोणती कागदपत्रं

पुणे, मुंबई, गोवा इथे स्वतः बिया भाजून चॉकलेट बनवणारे छोटे उद्योजक आता बरेच झाले आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो : केरळ-आंध्रातल्या शेतकऱ्याकडून थेट कोको घ्यायचा तर परवाना कुठे मिळतो?

‘कोको खरेदी परवाना’ असा एक अर्ज आपल्याकडे नाहीच. घानामध्ये आहे. तिथे कोको मंडळाने परवाना दिलेल्या कंपन्यांनाच शेतकऱ्याकडून माल घेता येतो आणि खरेदीचा दरही सरकार ठरवतं. भारतात दर खुला आहे. मात्र अन्नसुरक्षा, जीएसटी, वैधमापन (वजन-मापांची तपासणी) आणि काही राज्यांत बाजार समिती अशा वेगवेगळ्या दारांतून जावं लागतं. या कागदांचा बहुतेक भार खरेदीदाराने उचलायचा असतो. दोन-तीन एकरवाल्या शेतकऱ्याला ‘आधी तुम्ही लायसन काढा’ म्हणणारे भेटतात, त्यांना कायदा माहीत नसतो किंवा माहीत करून घ्यायचा नसतो.

माल कुठे आहे

व्यापारी प्रमाणातला कोको आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू या चारच राज्यांत होतो. आंध्रात एलुरूचा पट्टा, केरळात इडुक्की, कर्नाटकात दक्षिण कन्नड, तमिळनाडूत पोल्लाचीचा भाग. बहुतेक ठिकाणी तो नारळ, सुपारी किंवा ऑइल पामच्या सावलीत आंतरपीक म्हणून असतो. कोकणातल्या बागांत झाडं दिसतात, पण कारखाना चालेल इतका माल तिथे नाही. शेतकरी गटांची माहिती हवी असेल तर कोचीचं काजू व कोको विकास संचालनालय किंवा केरळात पंचायत पातळीवरचं कृषी भवन इथे विचारणा करावी.

अर्ज भरण्याआधी ठरवा : ओल्या बिया की सुक्या

पुढची सगळी कागदपत्रं यावर ठरतात. फळ फोडल्यावर निघणाऱ्या गरासकट बिया म्हणजे ओला माल. तो पाच ते सात दिवस आंबवून, मग सहा-सात टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला की सुका माल होतो. ढोबळमानाने तीन किलो ओल्यातून एक किलो सुका निघतो.

सुका माल शेतकऱ्याकडून घेऊन पुण्यात आणणार असाल तर परराज्यात तुमची जागा लागत नाही. ओला घेणार असाल तर आंबवण्याच्या पेट्या आणि वाळवणीची शेड बागांच्या जवळच हवी, कारण तो माल थांबत नाही. ती शेड तुमच्या ताब्यात आली की अन्नसुरक्षेचा परवाना वेगळा आणि त्या राज्यातली जीएसटी नोंदणीही वेगळी. नवख्याने पहिलं वर्ष सुक्यावर काढावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चव हातात ठेवायची म्हणून लोक थेट ओल्यात उतरतात आणि कागदांतच अडकतात.

अन्नसुरक्षा परवाना

अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ शेतकऱ्याला आणि त्याने शेतावर दिलेल्या मालाला लागू होत नाही. कलम १८ मध्ये तसं स्वच्छ लिहिलं आहे. परवाना तुम्हाला हवा. अर्ज अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ या पोर्टलवर ऑनलाइन होतो. अगदी लहान व्यवसायाला नोंदणी पुरते, त्यासाठी फॉर्म ए. त्यावर राज्य आणि मग केंद्रीय परवाना, त्यासाठी फॉर्म बी. उलाढालीच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून जुन्या व्हिडिओत सांगितलेला आकडा धरून न बसता पोर्टलवरच पात्रता तपासा.

परवान्यासाठी मालक, भागीदार किंवा संचालकांचं ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा, जागेचा भाडेकरार किंवा मालकीचा कागद, जागेचा नकाशा, यंत्रांची यादी, पाणी तपासणीचा अहवाल, अन्नसुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा, तसंच भागीदारी किंवा कंपनी असल्यास त्याचे दस्त लागतात. प्रत्येक जागेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. पुण्याच्या कारखान्याचा क्रमांक इडुक्कीच्या शेडला चालत नाही.

जीएसटी आणि वाहतूक

स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही. त्यामुळे त्याच्याकडून घेतलेल्या बियांवर तो कर लावत नाही, आणि रिव्हर्स चार्जच्या, म्हणजे विक्रेत्याऐवजी खरेदीदाराने कर भरायच्या मालाच्या यादीतही कोको नाही. गावातला व्यापारी किंवा शेतकरी उत्पादक कंपनी मात्र शेतकरी धरली जात नाही. त्यांची नोंदणी असेल तर बिलात पाच टक्के कर येईल, जो तुम्हाला पुढे वजा मिळतो.

खेप पन्नास हजारांच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद लागतो. विकणारा नोंदणी नसलेला शेतकरी आणि घेणारे तुम्ही नोंदणीकृत असाल, तर ते काढायची जबाबदारी तुमची. गाडी भरून झाल्यावर रात्री अकराला हे आठवतं, आणि शेतकऱ्याला फोन जातो. त्याचा यात काही संबंध नसतो.

केरळात बाजार समिती कायदा नाही. बाकी तीन राज्यांत आहे. तिथे कोको अधिसूचित आहे का आणि समितीच्या आवाराबाहेरच्या खरेदीवर शुल्क लागतं का, हे त्या तालुक्याच्या समितीकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर तपासणी नाक्यावर कामाला येत नाही.

शेतकऱ्याकडून काय घ्यायचं

माल त्याच्याच शेतातला आहे, हे दाखवणारा कागद हवा. आपल्या सातबाऱ्यासारखं तिथे आंध्रात पट्टादार पासबुक, कर्नाटकात पहाणी, तमिळनाडूत पट्टा-चिट्टा आणि केरळात चालू वर्षाच्या जमीन महसुलाची पावती असते. सोबत बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत. आधार घ्यायचंच असेल तर मास्क केलेलं, म्हणजे सुरुवातीचे अंक झाकलेलं घ्या. ढीगभर आधारच्या प्रती कपाटात ठेवून उपयोग काही नाही, जोखीम मात्र आहे.

खरी अडचण कुळाने किंवा खंडाने कसणाऱ्यांची. आंध्रात अशा शेतकऱ्याकडे पीक कसणाऱ्याचं हक्कपत्र असेल तर ते चालतं, पण अनेकांकडे तेही नसतं. इडुक्कीत जमिनीच्या पट्ट्याचा घोळ जुना आहे. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांच्या नावावरही कागद नसतो. कागद नाही म्हणून माल नाकारला, तर ज्यांच्यासाठी थेट खरेदी करायची म्हणता तेच लोक पहिले गळतात. शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्यांचं स्वयंघोषणापत्र, शेताचं जीपीएस ठिकाण आणि झाडांची संख्या एवढं नोंदवून पुढे जावं. देशांतर्गत विक्रीसाठी ते पुरेसं ठरतं.

खरेदी पावती : सगळ्यात महत्त्वाचा कागद

हिचा कुठलाही सरकारी नमुना नाही, पण आयकर, जीएसटी, प्रमाणपत्र सगळे शेवटी हीच मागतात. तिच्यात तारीख, शेतकऱ्याचं नाव व शेत क्रमांक, माल ओला की सुका, वजन, ओलावा, दर, रक्कम, पैसे भरल्याचा बँक-व्यवहार क्रमांक आणि दोघांच्या सह्या हव्यात. दोन प्रती, एक जागेवरच शेतकऱ्याच्या हातात.

वजन कुठे केलं तेही लिहा. ओल्या बियांतून गराचं पाणी सतत ठिबकत असतं. सकाळी बागेत केलेलं वजन दुपारी संकलन केंद्रावर भरत नाही, आणि हा फरक कुणाच्या माथी मारायचा यावरून भांडणं होतात. बागेतच मोजा, आणि त्याच आकड्यावर पैसे द्या. काटा वैधमापन खात्याचा शिक्का असलेला हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करावी लागते.

सुक्या मालाची प्रत ठरवताना शेतकऱ्यासमोर बिया उभ्या चिरून दाखवा. नीट आंबलेली बी आतून तपकिरी, अर्धवट जांभळी, न आंबलेली पाटीसारखी करडी आणि घट्ट. रंग त्याने डोळ्यांनी पाहिला की दर कापल्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

आयकरात रोखीने केलेल्या खर्चाला असलेल्या दहा हजारांच्या मर्यादेतून शेतकऱ्याला शेतमालापोटी दिलेली रक्कम वगळली आहे. तरी पैसे खात्यावरच द्या.

दराचा करार लेखी करा आणि त्यात एक आधारदर धरा. मंगळुरूची कॅम्को सहकारी संस्था ओल्या-सुक्या कोकोचे दर जाहीर करते. तो दर अधिक आंबवणीचा जादा मोबदला, अशी रचना दोघांना समजते. २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला आणि नंतर कोसळला. २०२५ मध्ये आंध्रातले शेतकरी दरासाठी रस्त्यावर उतरले. किमान दराचं कलम नसलेला करार अशा वर्षी कुणी पाळत नाही.

‘सेंद्रिय’ छापायचं असेल, किंवा युरोपला पाठवायचं असेल

सेंद्रिय म्हणून विकायला एनपीओपी (तटस्थ संस्थेकडून तपासणी) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकरी गटाची परस्पर तपासणी) यांपैकी एक प्रमाणपत्र हवं. पीजीएसच्या गटात किमान पाच शेतकरी, एनपीओपीच्या गटात २५ ते ५००. कोको बहुवार्षिक असल्याने रासायनिकातून सेंद्रियात रूपांतराचा काळ तीन वर्षांचा.

युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमात कोको आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीतला माल चालणार नाही आणि प्रत्येक शेताचं भौगोलिक ठिकाण द्यावं लागेल. चार हेक्टरांपुढच्या शेताची पूर्ण हद्द आखावी लागते, त्याखाली एक बिंदू पुरतो. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलली गेली आहे, पण जीपीएस नोंदी आत्तापासून ठेवायला खर्च येत नाही.

अर्ज कधी करायचे

कोकोची फळं वर्षभर लागत असली तरी मुख्य तोडणी सप्टेंबर ते जानेवारी आणि एप्रिल ते जून अशी असते. अन्नसुरक्षा परवान्याला ६० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि त्रुटी निघाली तर त्याहून जास्त. एप्रिलच्या तोडणीचा माल हवा असेल तर फॉर्म बी जानेवारीतच भरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतकऱ्यांच्या भेटी, शेतांच्या नोंदी आणि करार उरकून घ्या.