एटीआरची नोकरी घेण्याआधी: प्रादेशिक विमानसेवेचा मागचा हिशेब

गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आज तिथे वैमानिक घडतात. विमानतळ प्राधिकरण आणि सीएई ही कॅनडाची प्रशिक्षण कंपनी यांनी मिळून उभारलेली प्रशिक्षण संस्था तिथे आहे. अमरावतीच्या बेलोऱ्यालाही एअर इंडियाने वर्षाला १८० वैमानिक घडवण्याची योजना आखली आहे. त्यामुळे धानाच्या बांध्या आणि कापसाची वावरं असलेल्या घरांतली पोरं आता कमर्शियल परवाना हाती घेऊन विचारू लागली आहेत की पहिली नोकरी कोणत्या कंपनीत धरावी. घरचे पगार विचारतात, मित्र विमान कोणतं ते विचारतात. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न आहे, कंपनीचा पैसा येतो कुठून? आजवर लहान कंपन्या तगल्या की बुडाल्या, ते बहुतेक वेळा यावरच ठरलं आहे.

नागपूरने याची पहिली बाजू फार आधी पाहिली. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, टपालाच्या थैल्या आपसात बदलत आणि पहाटेपर्यंत परत जात. या सेवेचा आधार टपाल हाच होता. त्या वेळच्या खासगी कंपन्या १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरणात गेल्या आणि देशांतर्गत उड्डाणं इंडियन एअरलाइन्सकडे आली.

मोठी विमानं उतरू शकत नाहीत अशा गावांसाठी १९८१ मध्ये वायुदूत ही सरकारी विमान कंपनी आली. सुरुवात ईशान्येसाठी होती, पुढे डॉर्नियरसारखी छोटी विमानं घेऊन ती देशभर पसरली. मार्ग वाढत गेले तसा तोटाही वाढला आणि १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. कंपनी सरकारी असल्याने माणसांना दुसरीकडे जागा तरी मिळाली. खासगीत तसं घडत नाही.

२००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने एटीआर या पंख्यांच्या छोट्या विमानांवर स्वस्त तिकिटाचं गणित मांडलं आणि विमानात कधी न बसलेली माणसं विमानात बसली. ते काम मोठंच होतं. पण कंपनी काही वर्षांतच किंगफिशरकडे गेली, आणि किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये जमिनीवर आली. शेवटी शेवटी तिथल्या वैमानिकांचे पगार कित्येक महिने थकले होते. जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये थांबली. म्हणजे नुसता मोठा आकार हीसुद्धा हमी नाही.

२०१६ मध्ये लहान शहरं विमानाने जोडणारी सरकारची उडान योजना आली. विमानातल्या काही आसनांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला साधारण २,५०० रुपयांवर बांधायचं आणि तूट सरकारने भरायची, तीही ठरावीक मुदतीपुरती, सहसा ३ वर्षं. मुदत संपली की मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, आणि बरेच मार्ग तिथेच मोडले. नांदेड, जळगाव जोडणारी ट्रूजेट २०२२ मध्ये बंद झाली. बिरसीहून त्याच वर्षी मार्चमध्ये फ्लायबिगने इंदूर आणि हैदराबादची सेवा सुरू केली, ती काही महिन्यांतच थांबली. २०२३ च्या डिसेंबरात इंडिगोचं एटीआर तिथे आलं. गाव तेच, धावपट्टी तीच. फरक इतकाच की इंडिगोच्या मागे मोठ्या जेट मार्गांची कमाई होती.

आज नव्या वैमानिकासमोर जे पर्याय आहेत, ते याच नजरेने पाहावेत. अलायन्स एअरच्या मागे सरकार आहे; एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ती सोबत गेली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमरावती–मुंबई सेवा तिनेच सुरू केली. स्टार एअर कोल्हापूरच्या घोडावत समूहाची आहे आणि ती एम्ब्राएर जेट उडवते. गोव्याची फ्लाय९१ ही २०२४ मध्ये आली, तिची कसोटी अजून व्हायची आहे.

लहान मार्गांचा एक फायदा मात्र खरा आहे. कमर्शियल परवान्यासाठी उड्डाणाचे २०० तास पुरतात, पण कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याला १,५०० तास हवेत. एटीआरवर टप्पे छोटे, म्हणून उड्डाणं आणि उतरणं जास्त, तेही आखूड धावपट्ट्यांवर, पावसाळी हवेत. हात तयार होतो. पण कंपनीकडे उडणारी विमानंच कमी असली तर तास साचत नाहीत आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून ताफ्यातली किती विमानं प्रत्यक्ष उडत आहेत आणि सहवैमानिकाला महिन्याला किती तास मिळतात, हे तिथे काम करणाऱ्यालाच विचारावं. पुढे जेटवर जायचं तर नवं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची मान्यता, लागतं, आणि नव्या कंपनीत ज्येष्ठता सहसा तळापासून मोजली जाते.

बाँडचा, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा, कागदही नीट वाचावा. प्रशिक्षणाचा खर्च कोणाचा, कंपनी बंद पडली किंवा पगार थकला तर बाँडची रक्कम द्यावी लागते का, हे त्यात स्पष्ट असायला हवं. २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, सहवैमानिकाच्या राजीनाम्याची नोटीस मुदत ६ महिने आणि कमांडरची, म्हणजे कॅप्टनची, १ वर्ष ठरवली. वडील जामीनदार म्हणून सही करणार असतील किंवा शेत तारण ठेवणार असतील, तर त्याआधी तो कागद वकिलाला दाखवून घ्यावा.