शास्त्रज्ञ : युद्धकायद्यातला साधा नागरिक

अजिंठा-वेरूळच्या लेण्यांसारखा वारसा युद्धातही सुरक्षित राहावा म्हणून १९५४ चा हेग करार आहे. भारत त्यात १९५८ मध्येच सामील झाला. लेणी असलेल्या याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ, आता लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात असतील आणि त्यांत अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. उद्या हिंगोलीत राहायला येणाऱ्या शास्त्रज्ञासाठी मात्र लेण्यांसारखा वेगळा करार नाही.

ही उणीव किती महागात पडते ते तेहरानमध्ये दिसलं. १२ जानेवारी २०१० च्या सकाळी मसूद अली मोहम्मदी घराबाहेर पडले आणि दाराशी उभ्या मोटारसायकलमधला बॉम्ब फुटून ठार झाले. ते मूलकणांचा अभ्यास करणारे प्राध्यापक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अणुशास्त्रज्ञ माजिद शहरियारी यांच्या चालत्या गाडीला दुचाकीस्वाराने बॉम्ब चिकटवून त्यांना मारलं. इराणने या हत्यांचा ठपका इस्राएलवर ठेवला. जॉर्डनमधल्या सेसमी या अनेक देशांच्या सामायिक प्रयोगशाळेच्या कामात दोघेही होते. तिथे इराण आणि इस्राएल दोघेही सदस्य आहेत. ही गोष्ट मला फार लागते. पुढे जून २०२५ मध्ये इस्राएलच्या हल्ल्यांत इराणचे अनेक अणुशास्त्रज्ञ मारले गेले, काही तर राहत्या घरातच.

याची मुळं दुसऱ्या महायुद्धात सापडतात. १७ ऑगस्ट १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी जर्मनीच्या पेनेम्युंडे रॉकेट केंद्रावर बॉम्ब टाकले, तेव्हा शास्त्रज्ञांची घरं हे ठरवून निवडलेलं लक्ष्य होतं. रॉकेटचे इंजिनतज्ज्ञ वाल्टर थील बायकोमुलांसह मारले गेले. पण सर्वांत जास्त मेले ते शेजारच्या छावणीतले वेठबिगार. १९८० मध्ये इराकच्या अणुकार्यक्रमातले इजिप्तचे शास्त्रज्ञ याह्या अल-मशाद यांचा पॅरिसच्या हॉटेलात खून झाला.

डॉक्टरांना १८६४ पासून रेडक्रॉसचं चिन्ह आहे. पत्रकारांसाठी, युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पुरवणी करारात स्वतंत्र कलम आहे. शास्त्रज्ञ मात्र फक्त ‘नागरिक’ ठरतो, म्हणजे ज्याच्यावर हल्ला करता येत नाही असा सैन्याबाहेरचा माणूस. प्रत्यक्ष लढाईत उतरला तर, आणि उतरला असेल तेवढाच वेळ, त्याचं संरक्षण जातं. शस्त्राचं संशोधन म्हणजे लढाईत उतरणं का, हाच खरा वाद आहे. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २००९ मध्ये सांगितलं की सर्वसाधारणपणे नाही. ते मार्गदर्शन आहे, कायदा नव्हे. आणि अपवादांबद्दल तज्ज्ञांतही एकमत झालं नाही. १९७७ च्या पुरवणी करारात भारत सामील नाही.

आपल्याकडे याच्या जवळपास जाणारा एक करार आहे. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असं भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी लिहून दिलं. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश याद्या देतात-घेतात. त्या याद्यांत केंद्रं असतात. तिथे काम करणाऱ्या माणसांविषयी करारात काही नाही.